खालचा खण उघडत नाही

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं. बरं, नेमकं कोणावर चिडावं तेही कळत नाही. खुनाच्या, दरोड्याच्या केसेस मी केल्या. तिथं राग काढायला निदान एक आरोपी तरी असायचा. इथं होतं एक जुनं रिव्हॉल्व्हर आणि एकच साधा प्रश्न, की हे आधी कोणाचं होतं? त्या प्रश्नानं मला पंधरा दिवस नाचवलं. मला वाटत होतं, मी फक्त एक नाव शोधतोय. त्या नावाच्या माणसाची अब्रू तीस-पस्तीस वर्षं त्या रिव्हॉल्व्हरवर टांगलेली आहे आणि आता तिचा शेवटचा निकाल माझ्या हातून लागणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. वाशीम जिल्ह्यातलं एक ठाणं, मी तिथला ठाणेदार, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, एवढं पुरे.

सकाळची हजेरी होऊन मी स्टेशन डायरी बघत होतो. ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, आमच्या बाजारातल्या किराणावाल्या शेठच्या दुकानात पिस्तूल हाय. माह्यं नाव विचारू नका." विचारायची गरजच नव्हती. शेठच्या शेजारच्या कापडवाल्याचा फोन होता तो, आणि ज्या नंबरवरून केला होता तो त्याच्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे. आमच्याकडे गुप्त खबर देणारे हे असे.

शेठ साठीच्या घरातला, जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात बोलला नसेल असा माणूस. त्याच्या नावावर हत्यार म्हटल्यावर मला आधी हसूच आलं. दुकानामागच्या खोलीत गेलो तर फरशीवर एक पातेलं पालथं घातलेलं आणि पातेल्यावर पाच किलोचं वजन.

"हे काय आहे, शेठ?"

"खाली हाय साहेब. मी हात नाही लावला. वेल्डिंगवाल्यानं खणातून काढून ठेवलं, मी वरून झाकलं."

प्रकार असा की शेठनं भंगारवाल्याकडून एक जुनं लोखंडी कपाट घेतलं होतं. त्याचा खालचा खण अडकलेला होता. वेल्डिंगवाला बोलावून तो उघडला तर आतून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं.

"कधी सापडलं?"

"काल दुपारी."

"मग काल दुपारपासून काय करत होता?"

शेठनं सगळं सांगितलं. आधी बायकोला सांगितलं. मग वाशीमच्या साडूला फोन केला. साडूनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला पोलिसांना कळवा, पण काय कळवायचं ते आधी नीट ठरवा. मग व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून सगळ्यांचं मत मागवलं. "तुमाले फोन करनारच होतो साहेब," शेठ म्हणाला, "मजकूर तयार होऊन राह्यला होता." म्हणजे सगळ्या तालुक्याला कळून झालं, फक्त पोलीस तेवढे राहिले होते.

पंचनाम्याला पंच मिळेनात. एकाला शेतात जायचं होतं, एकाचं बीपी वाढलं होतं. पातेलं उचलल्यावर मात्र अकरा जण पुढे आले, कारण आता फोटोत येता येईल असं त्यांना वाटलं. त्यातले दोन घेतले आणि बाकीचे हाकलले. रिव्हॉल्व्हर विलायती बनावटीचं, सहा गोळ्यांचं, लाकडी मुठीचं, मुठीच्या तळाशी दोरी ओवायची कडी असलेलं. आत गोळी नव्हती. असं हत्यार मी नोकरीत दोनदाच पाहिलं असेल. शेठ म्हणाला, खणात अजून थोडे कागदाचे तुकडे, दोरा वगैरे पडलेलं आहे. माझा जमादार म्हणाला, "कचरा राहू द्या शेठ, हत्यार अन् फडकं पुरे." मी तिथंच उभा होतो, काही बोललो नाही. ही माझी पहिली चूक लिहून ठेवा, अजून पुढे आहेत.

हत्यार सापडलं की ते कोणाच्या तरी नावावर लागावं लागतं. एसपी साहेबांनी सांगितलं, मूळ मालक शोधा, नाहीतर शेठ किंवा भंगारवाला यांच्यापैकी एकावर गुन्हा घ्या. शेठ दर दोन तासांनी फोन करून विचारायचा, साहेब, मले अटक कधी होईल ते आधी सांगान का, म्हणजे दुकानाची व्यवस्था लावता येईल.

भंगारवाला शेलूबाजारचा. जीप घेऊन चार तालुक्यांत फिरणारा, चाळिशीचा, बोलायला चुरूचुरू. त्याला संध्याकाळीच आणला. कपाट कुठून घेतलं, विचारलं. म्हणाला शाळेतून. शाळेचं नावही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्या मोडक्या बाकाला खिळा ठोकायचा तर तीन सह्या लागतात. कपाट विकू कसं?" परत आलो. भंगारवाला म्हणाला, चुकलो साहेब, ग्रामपंचायतीतून घेतलं. तिथं गेलो. ग्रामसेवकानं सगळी कपाटं मोजून दाखवली, एकही कमी नव्हतं. मग म्हणाला एका वकिलाच्या घरून. वकिलाची बायको दारातच म्हणाली, आमच्याकडे लाकडाचं होतं आणि ते अजून आहे. चार दिवस असे गेले. चार दिवसांचं डिझेल गेलं, माझं डोकं गेलं, आणि तो आपला रोज हात जोडून नवीन पत्ता सांगत होता.

तेवढ्यात ठाण्यात मालक यायला लागले. शेठनं टाकलेला फोटो घरोघर फिरला होता. एक मोठे शेतकरी पांढऱ्या कपड्यांत, सोबत चार माणसं घेऊन आले. म्हणाले, हे आमच्या आजोबांचं, इंग्रज साहेबानं वाघ मारला म्हणून बक्षीस दिलं. दुपारी त्यांचे भाऊबंद आले. म्हणाले, आजोबा तेच, वाघही तोच, पण वाटणीत रिव्हॉल्व्हर आमच्याकडे आलं होतं. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी घराण्याचा इतिहास दोन पानांत लिहून घेऊन आले. मी प्रत्येकासमोर कोरा कागद ठेवायचो.

"लिहून द्या. विनापरवाना हत्यार घरात होतं, ते कपाटात लपवलं आणि कपाट भंगारात विकलं. खाली सही करा."

"तसं नाही साहेब."

"मग कसं?"

"म्हंजे, असं एक आमच्या घरी होतं, असं ऐकलं होतं."

आमच्या भागात मान मिळत असेल तर माणूस दुसऱ्याचा गुन्हाही अंगावर घेईल, फक्त सही करायची नसली पाहिजे. पाच दिवसांत सात मालक आले आणि सातही जण चहा पिऊन गेले.

शेवटी मी हत्यार वाशीमला मुख्यालयात पाठवलं. तिथल्या आर्मोररनं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या हवालदारानं, रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन दीड तास घासलं, तेव्हा नंबर वाचता आला. वाशीम जिल्हा होण्याआधीचं सगळं रेकॉर्ड अकोल्याचं, म्हणून जमादाराला तिकडे धाडलं. तिथल्या एका कारकुनानं बिचाऱ्यानं दोन दिवस जुनी परवाना रजिस्टरं उपसली आणि तो नंबर काढून दिला.

नोंद स्पष्ट होती. आमच्याच ठाण्याच्या हद्दीतल्या एका गावचा जमीनदार. हत्यार वडिलांकडून वारसानं आलेलं. शेवटी लाल शाईत शेरा, "शस्त्र हजर केले नाही. परवाना रद्द." सोबत जुन्या गुन्ह्याचा नंबर आणि निकाल, पुराव्याअभावी निर्दोष.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. जमा करणाऱ्याला पावती मिळते आणि निकाल लागल्यावर हत्यार परत मिळतं. या माणसाचं म्हणणं होतं की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीच्या आधी त्यानं रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा केलं. ठाण्याच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद नव्हती आणि त्याच्याकडे पावती नव्हती. म्हणून त्यानं हत्यार परस्पर विकलं असा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. कोर्टानं सोडलं. पण गावात "पुराव्याअभावी निर्दोष" याचा अर्थ कसा घेतात ते आम्हाला विचारा. केलं यानंच, फक्त सापडला नाही, असा घेतात.

मला तर आनंदच झाला. म्हटलं, चला, सापडला एकदाचा. आणि लागलीच केनवडला निघालो, कारण तो आता तिथं राहत होता.

केनवड हे त्याच्या बायकोचं माहेर. स्वतःच्या गावात ज्याला लोक उठून जागा द्यायचे, त्यानं सासरवाडीला येऊन राहावं, यातच सगळं आलं. बायको वारली होती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे अंगण. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, पाठ मात्र ताठ. मुलगा पन्नाशीचा, तिथल्याच बाजारात बियाण्याच्या दुकानावर काम करणारा.

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

"माह्यंच हाय," तो म्हणाला. "कुठी भेटलं?"

"ते तुम्ही सांगायचं, आजोबा. कोणाला विकलं होतं?"

"इकलं नाई. जमा केलं होतं. तुमच्या ठान्यात."

"पावती?"

"नाई घेतली."

"का? लाखमोलाची वस्तू देता आणि पावती घेत नाही?"

"साहेब, तवाचं तुमी समजून घ्या. थो मोहरर, मालखान्याचा कारकून, माह्या वडलाच्या काळापासून घरी येनारा मानूस. आमच्या घरच्या लग्नात पंगतीले वाढलं हाय त्यानं. मी म्हटलं पावती, तं थो हासला. म्हने, दादा, आता आमच्यावर बी भरवसा नाई का? त्याच्यावर आनखी मांगनं म्हंजे त्याच्या तोंडावर त्याले चोर म्हननं झालं. मी हात जोडले अन् घरी आलो. निकालानंतर गेलो तं त्याची बदली झाल्ती, अन् नवा म्हने नोंदच नाई."

"आणि जुना?"

"थो म्हने, दादा, मले काई आठवत नाई."

सांगायला लाज वाटते, पण मला यातलं एक अक्षर पटलं नाही. अशा गोष्टी मी रोज ऐकत होतो. मी आवाज चढवला. म्हटलं, या वयात तरी खरं बोला. म्हातारा चिडला नाही. म्हणाला, "गावात हेच सांगतलं, भावाले हेच सांगतलं, कोर्टात हेच सांगतलं. आता तुमाले सांगून राह्यलो. दुसरं कुठून आनू?"

मुलगा जीपपर्यंत सोडायला आला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "साहेब, बाबानं इकलंच असंल. लोकं म्हनतात जुगारात गेलं. मी बारका होतो, पण शाळेत पोट्टे हेच म्हनत. आता म्हातारा मानूस हाय, जाऊ द्या. काय सही पाह्यजे थे सांगा, मी करतो."

मी मनात म्हटलं, पोटचा मुलगाच म्हणतो, आता अजून काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. पासष्टच्या पुढच्या माणसाला चौकशीला ठाण्यात आणायचं नसतं, त्याच्या घरी जाऊन विचारायचं असतं. मला नियम पाठ होता. तरी आणलं, आणि "स्वखुशीने हजर" असं डायरीत लिहायला सांगितलं. सकाळी अकरापासून तो बाकावर बसला होता. मी मुद्दाम त्याच्यासमोरून जात होतो आणि बोलत नव्हतो. माणूस असा बसवला की तीन-चार तासांत सैल होतो, हा आमचा अनुभव. हा काही सैल झाला नाही. फक्त एकदा पाणी मागितलं.

दुपारी भंगारवाल्याला परत बोलावलं. आता माझ्याकडे गोष्ट तयार होती. म्हाताऱ्यानं रिव्हॉल्व्हर विकलं नसेल तर स्वतःच्याच कपाटात दडवलं असेल, आणि मुलानं ते कपाट न बघता भंगारात दिलं असेल. भंगारवाल्यानं फक्त हो म्हणायचं होतं. मी शब्दच त्याच्या तोंडात घातले.

"हे कपाट तू केनवडहून घेतलं. बरोबर?"

त्याच्यासाठी हे सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो सुटला असता, शेठ सुटला असता, मीही सुटलो असतो. त्यानं दारातून बाहेर पाहिलं.

"त्या बुढ्याले कायले बसवलं साहेब?"

"हे हत्यार त्याचं आहे. कपाट त्याच्या घरचं निघालं की आजच गुन्हा दाखल करतो. तू फक्त जबाबावर सही कर."

त्यानं पेनला हात लावला नाही. मी टेबलावर हात आपटला.

"साहेब," तो म्हणाला, "चार दिवस मी तुमाले फिरवलं, त्याचा जो मार असंल थो द्या. पन त्या बुढ्याचं नाव मी नाई घेनार. हे कपाट मी केनवडहून नाई घेतलं. इथून घेतलं."

"इथून म्हणजे?"

"इथून म्हंजे इथून. ह्या ठान्यातून. मागच्या साली तुमच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला न, त्याच्यात होतं."

मला आधी वाटलं हा अजून एक नवीन पत्ता. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नोकरीत एवढं तरी कळायला लागतं की माणूस खोटं बोलताना आपल्याकडे बघतो आणि खरं बोलताना मार चुकवायला दाराकडे बघतो. तो दाराकडे बघत होता.

"मग पहिल्या दिवशी का नाही बोललास, नालायका?"

"पोलिसाले कोन सांगन साहेब, का हे तुमचंच कपाट हाय म्हनून? तुमी म्हनले असते, आमच्यावरच ढकलून राह्यला काय, अन् मले आत टाकलं असतं."

मी अगदी तेच केलं असतं.

लिलावाची फाइल मागवली. जुनं सामान विकण्याआधी त्याची यादी करावी लागते, त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. मोडक्या खुर्च्या, फुटके कंदील, फाटक्या सतरंज्या, असे साठ-पासष्ट नग. त्यात सतराव्या ओळीत लिहिलेलं होतं: "लोखंडी कपाट, मालखान्यातील, एक नग. जुने, गंजलेले. खालचा खण उघडत नाही." यादीच्या शेवटी छापील वाक्य, "वरील सर्व वस्तू प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे." आणि खाली ठाणेदाराची सही.

सही माझी होती.

मला ती दुपारसुद्धा आठवली. नवीनच बदलून आलो होतो. समोर चहा होता, आताचा मोहरर पानं उलटत होता, मी सह्या करत होतो. पोलीस ठाण्यातलं, तेही मालखान्यातलं, म्हणजे जप्तीचा आणि जमा केलेला माल ठेवायच्या खोलीतलं कपाट. त्याचा एक खण उघडत नाही असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. आणि तो उघडून बघा असं एकालाही वाटलं नाही, मला तर नाहीच. एखाद्या चोराच्या घरी असा खण असता तर मी पहार लावून उघडला असता.

तसाच उठून शेठच्या दुकानात गेलो. कपाट पुन्हा तपासायचं होतं. शेठनं मला पाहिलं आणि आधी शटरच्या किल्ल्या काढून भाच्याच्या हातात दिल्या. त्याला वाटलं अटक आली. म्हटलं, "शेठ, बसा. त्या दिवशी खणात कागदाचे तुकडे होते, ते फेकले का?"

शेठनं देवघराखालच्या फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. वर चिठ्ठी लावलेली होती, "कपाटातील दुसऱ्याचे सामान."

"हे आधी का नाही दिलं?"

"दिलं होतं साहेब. तुमच्या जमादारानं कचरा म्हटलं. पण दुसऱ्याची वस्तू, फेकायची कशी?"

पिशवीत रद्दीचे कपटे होते, सुतळीचा तुकडा होता आणि एक पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. आम्ही मुद्देमालाला बांधतो तसली, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली, धुळीनं इतकी काळी की पुसल्याशिवाय अक्षर दिसू नये. तिच्यावर म्हाताऱ्याचं पूर्ण नाव, गाव, रिव्हॉल्व्हर एक, त्याचा नंबर, "निवडणुकीकरिता जमा", खाली त्या मोहरराची सही आणि आमच्या ठाण्याचा गोल शिक्का. मोहररानं हत्यार घेतलं, चिठ्ठी बांधली, खणात ठेवलं, आणि रजिस्टरमध्ये तेवढी एक ओळ लिहायची राहून गेली. नंतर विचारलं तेव्हा तो खरंच विसरला होता की नोकरी जाईल म्हणून घाबरला, ते आता कळणार नाही. तो वारून दहा-बारा वर्षं झाली.

ठाण्यात परत आलो. म्हाताऱ्याला मुलगा घेऊन जायला आला होता. मी म्हटलं, उद्या सकाळी मीच घरी येतो. का ते सांगायचं धैर्य त्या वेळी झालं नाही, खरं सांगतो. रात्री रिपोर्ट लिहिला. वरच्या कार्यालयातून फोन आला की "नजरचुकीने" हा शब्द घाला आणि सहीचा उल्लेख नको. मी दोन्ही ऐकलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, ती सर्व्हिस बुकात आहे. भंगारवाल्याला आणि शेठला सोडलं. शेठनं मात्र पंधरा दिवस लेखी कागद मागितला, की आता मला अटक होणार नाही.

सकाळी केनवडला गेलो. युनिफॉर्ममध्ये गेलो, आणि जीप मुद्दाम बाजारातून नेली. अंगणात शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला न्यायला आलो. म्हातारा खाटेवर बसला होता. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा. मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आजोबा, तुम्ही रिव्हॉल्व्हर जमा केलं होतं. ते आमच्याच ठाण्यात होतं, आमच्याच कपाटात. चूक आमची होती, आणि काल तुम्हाला बसवून ठेवलं ती चूक माझी होती. तुम्ही खरं बोलत होता.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, थोडा वैताग होता.

"हे मले कायले सांगून राह्यले साहेब?" तो म्हणाला. "मले तं पयल्या दिवसापासून माहीत हाय. ह्याले सांगा."

आणि त्यानं दाराकडे हात केला.

मी चिठ्ठीचा फोटो मुलासमोर धरला. त्यानं तांब्या खाली ठेवला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"वाचलं मी, बाबा."

"मोठ्यानं वाच."

मुलगा वाचायला लागला. आधी बापाचं नाव. पुढे गाव, मग "रिव्हॉल्व्हर एक", मग नंबर. "जमा" या शब्दाशी तो थांबला. पन्नाशीचा माणूस, भरल्या अंगणात, उंबऱ्यावर बसून रडला. म्हातारा उठला नाही. जवळही गेला नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, "चहा ठेव साहेबासाठी."

हत्यार परत पाहिजे का, अर्ज करतो, असं मी विचारलं. म्हणाला, "मले कायले पाह्यजे थे आता?"

निवृत्तीपर्यंतच्या दोन वर्षांत मी ठाण्यातला एकूण एक बंद खण उघडायला लावला. काही निघालं नाही, पण मोहरर लोक माझ्या नावानं बोटं मोडत. मोडोत. या केसनं काय शिकवलं असं मला लोक विचारतात. त्यांना वाटतं मी पावती घ्या असं सांगीन. ते तर सांगतोच. पण मला अजून जे टोचतं ते वेगळं आहे. त्या मुलाचा मला आधी राग आला होता, की बापावर एवढा साधा विश्वास ठेवता येऊ नये? नंतर कळलं, त्याचा काही दोष नव्हता. शाळकरी पोराच्या एका बाजूला बापाचा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला सरकारी रजिस्टर. त्या रजिस्टरमध्ये ओळ नाही, म्हणून त्यानं पस्तीस वर्षं बापाला खोटं मानलं. लोक आमच्या कागदावर बापापेक्षा जास्त विश्वास ठेवतात, आणि आम्ही त्या कागदावर चहा पिता पिता सह्या करतो.